रचनात्मक खेळणी व व्हिडिओ खेळ

सुटे भाग रचून वा जोडून ज्यांपासून मूल आपल्या कल्पनेप्रमाणे एखादी वस्तू उभी करते, ती मोडते आणि त्याच भागांतून दुसरी घडविते, अशा खेळण्यांना रचनात्मक खेळणी म्हणतात. लाकडी ठोकळे, मेकॅनोच्या छिद्रयुक्त पट्ट्या आणि एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा ही त्यांची परिचित उदाहरणे होत. तथापि वाळू, चिखल, आगकाड्या आणि ज्वारीची ताटे यांचाही समावेश त्यांत करावा लागतो. संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा मोबाइल यांच्या पडद्यावर दिसणारे आणि खेळणाऱ्याच्या हालचालीस पूर्वनियोजित आज्ञावलीनुसार प्रतिसाद देणारे खेळ म्हणजे व्हिडिओ खेळ. या दोहोंच्या शैक्षणिक मूल्याची तुलना बहुधा महागडी परदेशी खेळणी व शहरी घरे यांच्या संदर्भात केली जाते. परंतु विकत न घेतलेले रचनात्मक खेळणे आणि मोबाइल हे दोन्ही ज्या प्रदेशात एकाच पिढीच्या हातांत आले, त्या जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या, म्हणजे खानदेशाच्या, संदर्भात ही तुलना अधिक उद्बोधक ठरते.

ऐतिहासिक आढावा : लहान मातीच्या गाड्या हे भारतीय उपखंडातील अतिप्राचीन खेळणे असून हडप्पा व मोहें-जो-दडो येथील उत्खननांत गाडीचे साटे आणि चाके सुटी सुटी सापडली आहेत. खेळण्यातील रचनेला शिक्षणपद्धतीत हेतुपूर्वक स्थान देण्याचे श्रेय मात्र जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांच्याकडे जाते. त्यांनी १८३७ मध्ये बाट ब्लांकेनबुर्ख येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ (बालोद्यान) हे नाव दिले. त्यांच्या शैक्षणिक साधनांतील तिसरे साधन आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन हे होय. पूर्णाचे भाग करावे व भागांतून पुन्हा पूर्ण साधावे, हे तत्त्व त्यातून मुलाच्या हाताला प्रथम कळते आणि शब्द नंतर येतो. इटालियन शिक्षणतज्ञ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातील गुलाबी मनोऱ्यात १ सेंमी. पासून १० सेंमी. पर्यंतच्या कडांचे दहा घन असतात. क्रम चुकला, की ती चूक मुलाला स्वतःलाच दिसते.

यंत्रयुगाचे खेळणे म्हणून मेकॅनोचा उल्लेख करावा लागेल. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये त्याचे एकस्व घेतले व १९०७ मध्ये त्यास मेकॅनो हे नाव मिळाले. समान अंतरावर छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्या, आस, दंतचक्रे, नट आणि बोल्ट यांपासून याऱ्या, पूल व घड्याळे बनविता येत. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री व आर्थर पोर्टर यांनी मुख्यतः मेकॅनोच्याच भागांपासून अवकल समीकरणे सोडविणारे यंत्र तयार केले, यावरून या खेळण्याची क्षमता लक्षात येते. डेन्मार्कमधील बिलुंड येथील सुतार ओले कीर्क क्रिस्तिआन्सेन यांच्या लेगो या उद्योगाने १९५८ मध्ये आतून नळ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या विटेचे एकस्व नोंदविले. वर आठ खुंट्या असलेल्या व एकाच रंगाच्या सहा विटा एकूण ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणिताने दाखविले आहे.

व्हिडिओ खेळांचा इतिहास त्यामानाने अलीकडचा आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिससारखा खेळ दाखविला. १९७२ मध्ये घरगुती दूरचित्रवाणी संचास जोडता येणारे पहिले खेळयंत्र व ‘पाँग’ हा सार्वजनिक ठिकाणचा नाण्यावर चालणारा खेळ बाजारात आले. जपानमध्ये १९७८ साली ‘स्पेस इनव्हेडर्स’ व १९८० साली ‘पॅक-मॅन’ हे खेळ निघाले, तर मॉस्को येथील संगणक केंद्रातील अलेक्सेइ पाझित्नोव्ह यांनी १९८४ च्या सुमारास ‘टेट्रिस’ रचला. भारतात दूरचित्रवाणीस जोडावयाची कॅसेटची खेळयंत्रे १९९० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत पोहोचली; ग्रामीण भागात हे खेळ पसरले ते मात्र मोबाइलमुळे.

खानदेशातील रचनात्मक खेळ : १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे हे जिल्हे झाले व १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. तापी आणि तिच्या गिरणा, पांझरा इ. उपनद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत कापसाबरोबर ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात आली असून ‘दादर’ ही येथील रब्बी ज्वारी प्रसिद्ध आहे. कणसे खुडल्यावर मागे राहणारा कडबा गुरांची वैरण होय; त्यातील दोन-चार ताटे मुलांच्या हाती लागली, की तेच त्यांचे रचनासाहित्य होई.

ज्वारीच्या ताटाचे दोन घटक परस्परविरुद्ध गुणांचे असतात. बाहेरची साल कठीण, चिवट व लवचिक असते. दाताने वा विळ्याने ती सोलली, की लांब, निमुळत्या कामट्या मिळतात. आतील भेंड हलके, मऊ व सच्छिद्र असते. कामटीचे टोक भेंडात खुपसले, की खिळा, दोरा वा गोंद यांवाचून सांधा तयार होतो. एवढ्या दोन घटकांपासून मुले बैलगाडी, नांगर, चष्मा आणि पलंग करतात. गाडी करताना भेंडाच्या तुकड्याचा तुंबा होतो, कामट्यांचे आरे होतात, वाकवून टोके जुळविलेल्या कामटीची धाव होते आणि दोन लांब कामट्यांच्या आधारावर साटा व जू बसते.

या खेळातील शिक्षण पुढीलप्रमाणे सांगता येईल : (१) द्रव्यज्ञान : साल तंतूंच्या दिशेने सहज फाटते, आडवी फाटत नाही, भेंड दाब सोसते, पण ओढ सोसत नाही. कोणता भाग कोठे वापरावा, हे द्रव्याच्या गुणावरूनच ठरवावे लागते. (२) घर्षण : आस तुंब्यात व साट्यात दोन्हीकडे घट्ट बसविली, तर चाक फिरत नाही, दोन्हीकडे सैल ठेवली, तर गाडी लचकते. एकीकडे घट्ट व दुसरीकडे सैल हा नियम मूल दोन-तीन गाड्या बिघडल्यावर शोधून काढते. (३) स्थैर्य : चार कामट्यांची चौकट तिरकी होते, तिच्यात एक कर्ण घातला, की ती ताठ राहते. पुलांच्या व छपरांच्या कैच्या याच तत्त्वावर उभ्या असतात. (४) निरीक्षण : खेळण्यातील गाडी करण्यासाठी खरी गाडी नीट पाहिलेली असावी लागते. बैलगाड्या विरळ झाल्या, तेव्हा मुले ट्रॅक्टर व ट्रॉली करू लागली, हेही निरीक्षणाचेच फळ होय. (५) भाषा : तुंबा, आरे, धाव, जू हे शब्द मुलाला वस्तूसोबत मिळतात; भागांची नावे ठाऊक असल्यावाचून दोघांना मिळून एक गाडी करता येत नाही.

पोळ्याच्या सणास घरोघरी मातीचे बैल केले जातात. त्यांतही हाच अनुभव येतो. पाय बारीक ठेवले, तर अंगाच्या भाराने ते वाकतात. माती फार ओली असली, तर वाळताना तडे जातात. राज्याच्या इतर भागांत, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात, दिवाळीत मुले अंगणात दगडमातीचे किल्ले बांधतात, तेही याच वर्गातील होत.

शिक्षणपद्धतीतील उपयोग : अशा स्थानिक साहित्याचे शैक्षणिक मोल महाराष्ट्रात प्रथम बालशिक्षणाच्या चळवळीने ओळखले. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले; अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरींची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे व काड्या यांतून साधने तयार करण्यात आली आणि शाळाच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना याच प्रयोगातून रुजली. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांच्या रूपाने हे नाव देशभर गेले.

विज्ञानशिक्षणात हाच विचार अरविंद गुप्ता यांनी पुढे नेला. पुण्यातील मोटार-कारखान्यात अभियंता असताना १९७८ मध्ये त्यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात भाग घेतला. तेथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या बारीक रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून त्यांनी सांगाड्यांची रचना बसविली. तीत त्रिकोण ताठ राहतो व चौकोन लवचिक राहतो, हे मुलाला प्रत्यक्ष अनुभवता येते. काही पैशांचा हा मेकॅनोच होता. पुढे पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी विकसित केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्प्यात खेळाधारित अध्यापनावर भर दिला असून त्यास अनुसरून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच प्रसिद्ध केला.

व्हिडिओ खेळांचे शैक्षणिक गुण : व्हिडिओ खेळ निव्वळ कालापव्यय होत, हे मत संशोधनास धरून नाही. २००३ मध्ये शॉन ग्रीन व डॅफ्ने बॅव्हेलियर यांनी दाखवून दिले, की वेगवान हालचालींच्या खेळांच्या सरावाने दृश्य अवधानाची क्षमता वाढते; पूर्वी असे खेळ न खेळलेल्या व्यक्तींतही प्रशिक्षणाने हा बदल घडून आला. २००७ मधील एका प्रयोगात अशा सरावाने अवकाशीय आकलनातील स्त्री-पुरुषांमधील फरक कमी झाल्याचे आढळले. चांगल्या व्हिडिओ खेळाची रचनाही अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली असते : प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात, प्रयत्नाचे फळ तत्काळ कळते, अपयशाची लाज वाटत नाही आणि पुन्हा प्रयत्न करण्यास प्रतिबंध नसतो. पाठ्यपुस्तक व परीक्षा यांत हे गुण क्वचित आढळतात.

काही व्हिडिओ खेळ तर स्वतःच रचनात्मक असतात. ‘सिमसिटी’ (१९८९) या खेळात नगररचना करावी लागते. ‘माइनक्राफ्ट’ (२०११) मध्ये आभासी घनांपासून घरे, पूल व तर्कमंडलेही उभारता येतात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ व शिक्षणविचारक सीमॉर पॅपर्ट (१९२८–२०१६) यांनी मुलाने संगणकाकडून शिकण्याऐवजी संगणकाला शिकवावे, असा आग्रह धरला. हीच परंपरा चालविणारी ‘स्क्रॅच’ ही संगणकभाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तीत आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडून मूल स्वतःचा खेळ तयार करते. 

तुलना : वरील विवेचनावरून लाकूड विरुद्ध पडदा असा सरळ भेद करता येत नाही. भेद आहे तो खेळाचे नियम कोण ठरवितो आणि चुकीला उत्तर कोण देतो, यांत.

ज्वारीच्या गाडीचे नियम कोणी लिहिलेले नसतात. मुलाने चूक केली, तर गाडी कोसळते. हे उत्तर गुरुत्वाकर्षणाचे, घर्षणाचे व तंतूंच्या बळाचे असते. ते कोणासाठी बदलत नाही. उलट, व्हिडिओ खेळात मिळणारे उत्तर दुसऱ्या माणसाने आधी योजलेले असते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये खालचे घन काढून घेतले, तरी वरचे बहुतेक घन हवेत तसेच राहतात, कारण आज्ञावलीत तशी योजना आहे. खेळणारे मूल त्या जगाचे नियम कुशलतेने शिकते, पण ते नियम निसर्गाचे असतीलच असे नाही.

दुसरा भेद शेवटाचा आहे. गाडी पूर्ण झाली, की तिची दोरी धरून मूल तिला ओढत नेते. कंटाळा आला, की गाडी गुरांपुढे पडते आणि खेळ संपतो. अनेक मोबाइल खेळांना असा शेवट नसतो. पुढची पातळी, रोजचे बक्षीस, अनिश्चित अंतराने मिळणारा लाभ आणि पैसे देऊन विकत घ्यावयाची साधने यांची योजना खेळणारा थांबू नये या हेतूने केलेली असते, कारण त्यावरच व्यवसायाचे उत्पन्न अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘खेळविषयक विकृती’चा समावेश आहे, मात्र खेळावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा त्यास अग्रक्रम मिळणे व हानी होऊनही खेळ चालू राहणे ही लक्षणे, सामान्यतः किमान बारा महिने, असल्याशिवाय तसे निदान केले जात नाही. अधिक वेळ खेळणारे प्रत्येक मूल रुग्ण समजणे चूक होय.

तिसरा भेद हाताचा आहे. पडद्यावर बोट सरकविणे ही एकच क्रिया शेकडो कामांसाठी वापरली जाते. सोलणे, वाकविणे, खुपसणे, तोलणे या क्रिया प्रत्येकी वेगळ्या असतात. बोटांच्या स्नायूंवरील हे नियंत्रण पुढे लेखनास व हस्तकौशल्यास उपयोगी पडते.

रचनात्मक खेळण्यांचे गुणगान करतानाही सावधगिरी आवश्यक आहे. ठोकळ्यांचा खेळ व पुढील गणितातील प्रगती यांचा संबंध दाखविणारा, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक बहुचर्चित अमेरिकन अभ्यास अवघ्या ३७ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला होता. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे होत नाही. अवकाशीय आकलन सरावाने वाढते, हे मात्र २०१३ मध्ये २१७ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे व असा सराव ठोकळ्यांनी तसाच पडद्यावरही होऊ शकतो. शिवाय बाजारातील पुष्कळ संचांत एकच ठरलेली प्रतिकृती बनविण्याच्या पायरीवार सूचना असतात. त्या तंतोतंत पाळून विमान तयार करून काचेच्या कपाटात ठेवणाऱ्या मुलापेक्षा ‘स्क्रॅच’मध्ये स्वतःचा खेळ रचणारे मूल अधिक रचनाशील म्हणावे लागेल. लहान भाग गिळले जाण्याचा धोकाही असतो, म्हणून तीन वर्षांखालील मुलांना ते देऊ नयेत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे गुणचिन्ह अनिवार्य करण्यात आले आहे.

खानदेशातील स्थित्यंतर : २०१६ नंतर मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या, तेव्हा जळगाव, धुळ्यातील खेड्यांतही शिक्षण मोबाइलवर आले. ज्या घरांत एकच मोबाइल होता व तोही वडिलांसोबत शेतात वा कामावर जात असे, तेथील मुले अभ्यासास मुकली. ज्यांच्या हाती तो राहिला, त्यांना पाठ आणि खेळ एकाच पडद्यावर मिळाले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मोबाइल मुलांच्या हाती राहिला. दुसरीकडे ज्वारीचे क्षेत्र घटून कापूस, मका व केळी यांचे महत्त्व वाढले आणि शेतीच्या यांत्रिकीकरणाबरोबर बैलजोड्याही कमी झाल्या. म्हणजे ताट, गाडी आणि गाडी करावयाचा रिकामा वेळ ही तिन्ही एकाच काळात दुर्मिळ होत गेली. गाडी करण्याची कला शाळेत शिकविली जात नव्हती. मोठे मूल लहानास शिकवी. अशी परंपरा एका पिढीत खंडित झाली, तर ती परत आणण्यास पुस्तक पुरेसे होत नाही.

यावर उपाय म्हणून मोबाइलवर सरसकट बंदी घालणे व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. वयाचा विचार मात्र केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बैठा पडदाकाल दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. याच वयात हाताने रचण्याचा अनुभव सर्वाधिक उपकारक ठरतो. पुढील वयात व्हिडिओ खेळ निवडताना त्यात मुलाला काही घडविता येते काय, तो कोठे तरी संपतो काय आणि त्यात पैशाची मागणी आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत.

अंगणवाडी व प्राथमिक शाळा यांना रचनासाहित्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. जेथे ज्वारी आहे तेथे ताटे, जेथे ती नाही तेथे कापसाच्या वाळलेल्या काड्या, मक्याची बुरकुंडे, चिखल, आगपेट्या व पुठ्ठा हे साहित्य उपलब्ध असते. गाडी कशी करावी हे ठाऊक असलेली आजी-आजोबांची पिढी अद्याप गावांत आहे. तिला शाळेत बोलावून मुलांसमवेत बसविणे हा या परंपरेच्या जतनाचा सर्वांत सोपा मार्ग होय. शिक्षकाने गाडी स्वतः पूर्ण करून देण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. चाक फिरत नाही हे मुलाला दिसणे आणि ते का फिरत नाही याचा विचार करण्यास त्याला वेळ मिळणे, यांतच या खेळण्याचे शैक्षणिक मूल्य सामावलेले आहे.